आधी भात, मग धम्म

हुआलिएन, तैवान

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तैपेईहून गाडी पूर्व किनाऱ्याने खाली येते. डावीकडे प्रशांत महासागर, उजवीकडे अंगावर आलेले डोंगर आणि संपता न संपणारे बोगदे. भूकंप आणि वादळं हुआलिएनच्या पाचवीलाच पुजलेली. २०२४च्या एप्रिलमधला मोठा भूकंप इथलाच. ‘त्झू ची’ ही संस्थाही इथलीच. १९६६मध्ये चेंग येन या तरुण भिक्षुणीने ती काढली.

तिने तीस गृहिणींना बांबूच्या नळ्या दिल्या. बाजाराला निघण्याआधी भाजीच्या पैशांतले पन्नास सेंट, म्हणजे अर्धा तैवानी डॉलर, रोज त्यात टाकायचा. महिन्याचे पंधरा डॉलर एकदम का नाही घेत, असं बायकांनी विचारलंच! तिचं म्हणणं असं, की रोज टाकलं तर देण्याची इच्छाही रोज जागी होते. भिक्षुणी स्वतः रोज लहान मुलांच्या बुटांची एकेक जोडी जास्तीची शिवायच्या आणि विकायच्या. मला हा हिशोब फार आवडला. करुणा म्हटलं की आपले डोळे आधी भरून येतात, हात नंतर हलतो.

तुझा,
बाळू

हुआलिएन

ताई,
त्झू चीचा विहार पाहिला. पांढरा, ठेंगणा, साधा. इथल्या भिक्षुणी स्वतःसाठी दान घेत नाहीत, मेणबत्त्या वगैरे बनवून पोट भरतात. आपत्तीत वाटायला त्यांनी एक तयार भात काढलाय. पोह्यांसारखा, पाणी पडलं की फुगणारा. गरम पाण्यात लवकर होतो, पण चूल नसेल तर गारही चालतं, नुसता वेळ जास्त लागतो. पुरात बुडालेल्या घरात चूल कुठली पेटणार? ज्याने हे सुचवलं त्याने भूक जवळून पाहिली असावी.

निळा सदरा, पांढरी विजार घातलेले स्वयंसेवक पाकीट दोन्ही हातांनी देतात, वाकतात आणि घेणाऱ्याचेच आभार मानतात. १९९१मध्ये बांगलादेशातल्या पूरग्रस्तांपासून त्यांची परदेशातली मदत सुरू झाली. आपल्या दसऱ्याच्या भोजनदानात ‘चला, पुढं सरका’ म्हणून ओरडणारे आपले कार्यकर्ते मला आठवले. (तू नाही ओरडत. तुझा दादला ओरडतो.)

पण एका गोष्टीशी घास अडला. इथल्या स्वयंसेवकांच्या दहा नियमांत राजकारण आणि मोर्चे वर्ज्य आहेत. त्यामुळे कुठल्याही देशात त्यांना शिरकाव मिळतो, हे कबूल. तरी माणूस उपाशी का, हे विचारायचंच नाही? १९२७ला महाडला चवदार तळ्याचं पाणी आपल्याला कुणी वाढलं नव्हतं, आपण ओंजळीने घेतलं.

आळवीच्या गरीब शेतकऱ्याची अट्ठकथेतली गोष्ट तुला ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी आला, तेव्हा भगवान बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि तोवर उपदेश थांबवला. इथले लोक या गोष्टीचा पहिला भाग आपल्यापेक्षा फार चांगला जगतात. पण जेवण झाल्यावर भगवंत बोललेही होते.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसं येतात. भोजनदानाच्या स्टॉलशेजारी रेशनकार्डाचे अर्ज भरून देणारं एक टेबल मांडता येईल का, ते मंडळात विचारून ठेव. अर्ज लिहायला मी बसेन.

तुझा,
बाळू