बीट खाल्लं होतं का?

आमच्या आत्याबाईंना पुण्याच्या एका दवाखान्यात कोणी खिजगणतीत धरलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माण तालुक्यातलं आमचं गाव, पोटापाण्यासाठी आम्ही पुण्यात, आणि सुट्टी लागली की गावी, हे नेहमीचंच. त्या खेपेला जानेवारीत जोडून सुट्टी आली होती. धाकटा सहा वर्षांचा. दिवसभर आजीचा पदर धरून माळावर.

आमच्या बांधाला फड्या निवडुंग माजलेला आहे. त्याची बोंडं थंडीत पिकून काळपट लाल होतात. ती हातानं तोडायची सोय नाही. मोठे काटे दिसतात तरी. बोंडाच्या अंगावरची बारीक कुसं दिसतही नाहीत आणि एकदा बोटात गेली की दोन दिवस सलतात. आत्याबाई चुलीचा चिमटा घेऊन जातात, बोंड पिरगाळून तोडतात, खरबरीत दगडावर घोळतात, मग जाळावर धरतात. कुसं चरचर जळून गेली की विळीवर उभं चिरायचं. आत जांभळट लाल गर, गच्च बिया, आणि मधोमध एक काटेरी चांदणी. ती चांदणी काढल्याशिवाय आत्याबाई कुणाच्या हातात फोड देत नाहीत. घशात अडकली तर पंचाईत. बियाही फार गिळायच्या नाहीत, पोट गच्च होतं. हे सगळं त्यांनी धाकट्याला बजावून सांगितलं आणि मग पोटभर खाऊ घातलं. ओठ, जीभ, सदरा, सगळं लाल.

रात्री आम्ही पुण्यात परतलो. स्वतःला इथल्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आत्याबाईही सोबत होत्या. सकाळी धाकटा मोरीतून ओरडला. लघवी लाल. गुलाबी नव्हे, चांगली लाल. माझे हातपाय गार पडले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बोंडाचा रंग हाय त्यो. आमची समदी पोरं लालच मुतायची." पण रविवारची सकाळ, पोटचं पोर, आणि डोळ्यांसमोर तो रंग. रिक्षा केली आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या सिस्टरनं फॉर्म भरायला घेतला. ताप? नाही. मार लागला? नाही. "बीट खाल्लं होतं का?" नाही. "ड्रॅगन फ्रूट?" नाही. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "फड्याची बोंडं खाल्ल्यात त्यानं काल. लय खाल्ल्यात." सिस्टरनं माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "मॅडम, बीट नक्की नाही ना?" मी म्हटलं, "आजी सांगतायत ते लिहून घ्या." तिनं पेन उचललं, जरा थांबली, आणि खाली ठेवलं. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. मी पुन्हा सांगितलं. ते हसले. "कॅक्टस? काकू, लहान मुलांना असलं काही देत जाऊ नका." काकू म्हणजे मी, आत्याबाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही. आमचे हे उलट आईलाच म्हणाले, "आई, तू जरा गप्प बस ना." त्या बसल्या. दुपारपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वभावानं अशा गप्प राहणाऱ्या नव्हेत त्या.

लघवीचा रिपोर्ट आला. त्यात लाल पेशी शून्य. पट्टीवरची रक्ताची तपासणीही कोरी. हे मला तेव्हाही वाचता येत होतं, मराठी शाळेत असले तरी विज्ञानच शिकवते. मी विचारलं, रक्त नाही तर रंग कसला? उत्तर मिळालं, "म्हणूनच सोनोग्राफी करून घेऊ." मग सोनोग्राफी. मग किडनीच्या तपासण्या. मग एक रात्र देखरेखीखाली ठेवू. विमा आहे का, हा प्रश्न मात्र प्रत्येक काउंटरवर विचारला गेला आणि प्रत्येक वेळी नीट लिहूनही घेतला गेला. संध्याकाळपर्यंत लघवी आपोआप पिवळी झाली. निदानाच्या जागी 'कारण अस्पष्ट' असं छापून आलं. कारण सकाळपासून बाकड्यावर बसलं होतं.

बीटाचा आणि बोंडाचा रंग एकाच घराण्यातला, बीटालेन. लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटमध्येही तोच. ते झाडही निवडुंगाच्याच कुळातलं. काहींच्या शरीरात हा रंग पुरता मोडत नाही, तो लघवीतून निघून जातो. म्हणजे दुकानात वजनावर मिळणारा निवडुंग फॉर्मवर चालतो, बांधावरचा फुकटचा चालत नाही. याला काय म्हणायचं?

आता डॉक्टरांची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. लहान मुलाची लघवी लाल दिसली तर दाखवलंच पाहिजे. "बोंडं खाल्ली असतील" म्हणून घरी बसून राहिलेल्या एखाद्या पोराची किडनी खरंच बिघडलेली असू शकते. पहिली तपासणी योग्यच होती. राग आहे तो त्यापुढच्याचा. आणि खरी खंत वेगळीच आहे. बीटाच्या बाबतीत असं आढळलंय की ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्यात हा रंग उतरण्याचं प्रमाण जास्त. धाकट्याचं हिमोग्लोबिन तिथल्या रक्ताच्या रिपोर्टात कमीच होतं. त्यावर कोणी बोट ठेवलं नाही. ते पुढे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि औषध दिलं.

इथे माझी पंचाईत होते. आत्याबाई बोंडं खायला घालतात ती "रगत वाढतं" म्हणूनच. सौराष्ट्रात या फळाला फिंडला म्हणतात आणि त्याचं सरबत याच कारणासाठी बाटल्यांतून विकलं जातं. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मुलीच्या लोहाच्या गोळ्या बंद करून ते सुरू केलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. लाल दिसतं म्हणून रक्त होत नाही; तो रंग आहे, लोह नव्हे. आत्याबाईंनाही मी हेच सांगते. दवाखान्यात आत्याबाईंच्या बाजूनं भांडणारी मी, घरी त्यांच्याच विरुद्ध बोलते. त्या ऐकून घेतात आणि आपलंच खरं करतात.

बाकी त्यांच्या गोष्टींना मी हसत नाही. फड्याचे काटे जाळून, तो उभा चिरून, हळद लावून गरम गरम गळवावर बांधला की गळू लवकर पिकतं, हे मी पाहिलंय. डांग्या खोकल्याला भाजलेलं बोंड द्यायचे, हे मात्र नुसतं ऐकलंय. आज त्यासाठी लस आहे, ती द्यावी. दुष्काळात काटे जाळून फडे गुरांपुढे टाकायचे. आता उरुळीकांचनची बाएफ संस्था बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावायला सांगते. मेक्सिकोत तर कोवळ्या फड्यांची रोज भाजी होते, आणि मुळात हे झाड तिकडच्याच खंडातून आपल्याकडे आलेलं. ईस्ट इंडिया कंपनीला निवडुंगावरच्या किड्यापासून किरमिजी रंग काढायचा होता. 1795 साली किडा आणला तो निघाला भलताच. रंग हलका दिला, निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली.

एक सांगून ठेवते. चीक येणारा त्रिधारी किंवा शेर म्हणजे हा निवडुंग नव्हे. तो चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. ओळख पटत नसेल तर हात लावू नका.

यंदा आत्याबाईंनी बोंडं साफ करून, गर गाळून बाटली पाठवली. सरबत मी धाकट्याला दिलं, पण शुक्रवारी संध्याकाळी. शाळेत लाल लघवी झाली असती तर बाईंनी फोन केला असता. आणि सरबताआधी लोहाचं औषधही दिलं. आत्याबाईंना त्यातलं काही सांगितलेलं नाही.