वासांचीं नांवें

बाटलीवरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची संवय आम्हांला औषधांनीं लावली. ती आतां वाइनच्या बाटल्यांपर्यंत येऊन ठेपली आहे. एका बाटलीवर गूसबेरी, ॲस्परॅगस आणि नुकतेंच कापलेलें गवत यांचे गंध आढळतील असें आश्वासन असतें. दुसरीवर काळ्या करंटांचा व सीडर-वृक्षाच्या लांकडाचा हवाला दिलेला असतो. द्राक्षें नाशिकचीं, माती गोदावरीच्या खोऱ्यांतली, घड खुडणारे हात दिंडोरी-निफाडकडचे. आणि वास मात्र विलायतेंतल्या कुंपणांवरचे! गूसबेरीचें झुडूप आमच्या मंडळापैकीं एकानेंहि उभ्या जन्मांत पाहिलेलें नाहीं. ओळख नसलेल्या फळाचा वास पेल्यांत हुडकूं लागावें, तर न पाहिलेल्या पाहुण्याला आणावयास स्टेशनावर गेलेल्या माणसासारखी गत होते. समोरून येणारा प्रत्येकजण तोच वाटतो.

मंडळ हा शब्द जरा भारदस्त झाला. आम्ही सहाजण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं संध्याकाळीं आमच्या घरीं जमतों, इतकाच त्याचा अर्थ. एक वकील, रसायनशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, बँकेंतले एक अधिकारी व त्यांच्या पत्नी, आणि आम्ही उभयतां. बाटल्या दोनच उघडावयाच्या, आणि त्या संपविल्याच पाहिजेत असा आग्रह कोणीं धरावयाचा नाहीं. मुंबई प्रांताचा १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा नांव बदलून महाराष्ट्रांत आजहि जिवंत आहे, आणि त्याप्रमाणें पिणाऱ्यापाशीं परवाना असावा लागतो. वकीलसाहेबांनीं सहाहि जणांना परवाने काढावयास लावले आणि मगच पहिली बाटली उघडूं दिली. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां वाइनला दारू म्हणावें कीं नाहीं यावर महाराष्ट्रभर गदारोळ उठला होता. आमच्या घरीं तो वाद फार पूर्वींच निकालांत निघाला होता. आत्याबाईंच्या मतें ती दारूच. त्यांच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते, आणि तेंहि धायटीचीं फुलें घालून आंबविलेलें द्राक्षांचेंच पेय आहे, हें आम्हीं एकदां त्यांच्या नजरेस आणून दिलें. "त्याला वैद्य लागतो," एवढें म्हणून त्यांनीं विषय संपविला.

परसबाग मात्र आत्याबाईंची आणि आमची सामाईक आहे. जागा दीड गुंठ्याची. तींत मेथी, चाकवत, घेवडा, वांगीं, टोमॅटो, सिमला मिरचीचीं चार-सहा रोपें, मांडवावर दोडका आणि कोपऱ्यांत पेरूचें झाड. नाशकांत राहून द्राक्षाचा वेल कां लावीत नाहीं, असें पाहुणे हटकून विचारतात. त्या वेलाची वर्षांत दोनदां छाटणी करावी लागते. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पुढें आभाळ आलें, दव पडलें, अवकाळी पाऊस झाला कीं भुरी आणि डावणी दाराशीं उभ्याच! आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराच्या बागेवर एका रात्रींत गारा पडल्या आणि वर्षाचें पीक मातीला मिळालें, तें आम्हीं पाहिलें आहे. दुसऱ्या दिवशीं तो बांधावर नुसता बसून होता. आमचीं वांगीं किडलीं तर आम्ही पिशवी घेऊन बाजारांत जातों. एवढा फरक ध्यानांत असला म्हणजे मावा पडलेल्या घेवड्यावर राख फुंकतांना आपण फार मोठें युद्ध लढत आहों असा भास होत नाहीं.

आमचा क्रम असा असतो, कीं मंडळी आलीं म्हणजे प्रथम सर्वांनीं परसांत जावयाचें आणि रात्रीची भाजी खुडून आणावयाची. जाणते लोक सांगतात कीं वाइन चाखणाऱ्याच्या हाताला कसलाहि वास नसावा. आमच्या हातांना टोमॅटोच्या पानांचा वास असतो, आणि तो साबणाला सहजासहजीं दाद देत नाहीं. बँकेंतले अधिकारी ह्या अशास्त्रीयपणाबद्दल आरंभीं फार हळहळत. पण आमच्या शब्दसंग्रहाचा उगम ह्याच अशास्त्रीयपणांत झाला आहे.

पहिलें खरें नांव दिलें तें आत्याबाईंनीं. सोव्हिनियॉन ब्लाँची बाटली होती. आम्ही सहाहि जण गूसबेरीच्या शोधांत नाक खुपसून बसलों होतों. रिकामे पेले विसळावयास नेतांना आत्याबाई मोरीच्या दाराशीं थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यांत सिमला मिरची कोणीं चिरली?" ज्या बाईंनीं जन्मांत एक थेंब घेतला नाहीं, त्यांच्या नाकानें सहा परवानेधारकांना गप्प केलें!

प्राध्यापिकाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनीं सांगितलें कीं हें रूपक नव्हे, वस्तुस्थिति आहे. सिमला मिरचीचा वास ज्या द्रव्यामुळें येतो तें पायराझिन नांवाच्या वर्गांतलें असून १९६९ मध्यें त्या मिरचींत तें ओळखलें गेलें. आणि नेमकें तेंच द्रव्य सोव्हिनियॉन जातीच्या द्राक्षांतहि असतें. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला तें कळतें. घड जसजसा पिकतो आणि त्याला ऊन लागतें, तसतसें तें कमी होत जातें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं परसांत जाऊन एक हिरवी आणि एक तांबडी झालेली अशा दोन मिरच्या तोडून चिरल्या. बाईंच्या म्हणण्याचा पडताळा आला. उन्हाळ्याच्या तोंडाशीं पिकलेल्या मिरचींत तो हिरवट दर्प जवळजवळ उरलाच नव्हता.

ह्या दिवसापासून आमच्या बैठकींतून गूसबेरी हद्दपार झाली. आपल्या भाषेजवळ नुसतीं फळांचीं नांवेंच आहेत असें नाहीं, तर वासाची छटा दाखविण्याची एक स्वतंत्र सोय आहे, ही गोष्ट आम्हांला तेव्हां उमजूं लागली. हिरवट, मातकट, धुरकट, कुबट, खवट, आंबूस, गोडसर, करपट, उग्र, खमंग! इंग्रजी लेबल लिहिणाऱ्याला प्रत्येक छटेसाठीं एका फळाला साक्षीला बोलवावें लागतें. आम्ही एका प्रत्ययांत तें काम उरकतों. आणि तुरटपणाचें काय? द्राक्षांच्या सालींतून व बियांतून येणारें टॅनिन लाळेंतल्या प्रथिनांना धरून ठेवतें व जीभ खरखरीत होते. पाश्चात्य शास्त्र ह्याला चव न म्हणतां स्पर्श म्हणतें. आमच्या वैद्यकानें कषाय हा सहा रसांपैकीं एक म्हणून केव्हांच पंक्तीला घेतलेला आहे. जांभूळ, आवळा, सुपारी आणि कच्चें केळें खाल्लेल्या माणसाला तांबड्या वाइनचा तुरटपणा कोणीं समजावून द्यावा लागत नाहीं. तो फक्त जांभळाचा कीं सुपारीचा, एवढेंच ठरवावयाचें उरतें.

अर्थात् शब्दांवर फार विसंबूनहि चालत नाहीं. फ्रान्समध्यें बोर्दो येथें मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्यें निर्गंध तांबडा रंग मिसळून दिला, तेव्हां त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनला लावावयाच्या शब्दांनीं केलें. हा प्रयोग २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. तो कानांवर आल्यापासून आम्ही डोळे मिटून वास घेतों. नाकहि सर्वांचें सारखें नसतें. शिराझमध्यें सर्वांना मिऱ्याचा वास येई, बँकेंतल्या अधिकाऱ्यांना कधींच येत नसे, आणि त्यावरून त्यांची थट्टा होई. मिऱ्यांत आणि शिराझमध्यें असणारें ह्या वासाचें द्रव्य ऑस्ट्रेलियांतल्या संशोधकांनीं २००८ मध्यें जाहीर केलें. त्यांच्या चाचणींत सुमारें पांचांतल्या एकाला तो वास मुळींच कळला नाहीं. प्राध्यापिकाबाईंनीं हें सांगितल्यावर अधिकारीसाहेबांनीं आपल्या उणीवेला प्रतिष्ठा दिली. आतां शिराझ उघडली कीं ते "आम्ही पांचवे" असें म्हणून पेला पुढें करतात.

आमच्यांत सर्वांत तल्लख नाक होतें वकीलसाहेबांचें. पेल्याला नुसता हलकासा हेलकावा देऊन ते भिजलेल्या सुतळीपासून पिकल्या बोरापर्यंत काय वाटेल तें ओळखीत. २०२१ च्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, ते आजारी पडले. ताप आठ दिवसांत उतरला. वास गेला तो परत आला नाहीं. पावसाळा संपतांना मंडळी पुन्हां जमूं लागलीं तेव्हां ते आले, पेला हातांत घेतला आणि तसाच खालीं ठेवला. "पाणी आहे; थोडें आंबट, थोडें तुरट," असें ते म्हणाले. जिभेचें राज्य किती लहान आहे तें त्या वाक्यानें आम्हांला कळलें. ते घरीं एकटेच राहतात. दूध करपलें तरी कळत नाहीं, गॅस चालू राहिला तर कळणार नाहीं, ह्या चिंता त्यांनीं सर्वांदेखत सांगितल्या. एक गोष्ट मात्र परसांत आमच्यापाशींच बोलले. त्यांच्या दिवंगत पत्नीचें कपाट ते सहसा उघडीत नसत. उघडलें म्हणजे आंतला वास थोडाथोडा कमी होईल अशी त्यांना भीति वाटे. आतां रोज उघडतात. भिण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं, असें म्हणाले.

डॉक्टरांनीं त्यांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक हुंगावयास सांगितले होते. जर्मनींतल्या ड्रेस्डेन येथील डॉ. हुमेल यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. बाटल्यांतल्या अर्कांना वकीलसाहेब आठवडाभरांत कंटाळले, म्हणून आम्हीं त्यांना बागेंत बोलाविलें. लिंबाच्या जागीं गवती चहा आला. लवंगेच्या जागीं तुळस चालेल, असा निर्वाळा प्राध्यापिकाबाईंनीं दिला. कारण लवंगेंतलें युजेनॉल आपल्या तुळशींतहि असतें, आणि ओकच्या पिंपांत मुरलेल्या वाइनला जो लवंगेचा वास येतो तोहि लांकडांतल्या ह्याच द्रव्याचा. हिंवाळाभर ते रोज सकाळीं येत. पान चुरगळावयाचें, नाकाशीं धरावयाचें, नांव मोठ्यानें उच्चारावयाचें. आत्याबाई त्यांना चहा देत आणि एक शब्दहि विचारीत नसत.

शनिवारच्या बैठकींत त्यांना काय काम द्यावें हा प्रश्न होता. त्यांनीं आपणहून चिटणिशी मागून घेतली. एक जाड वही आणली आणि आम्ही काय बोलतों तें उतरून घेऊं लागले. पण वकीलच ते! "हिरवट" म्हटलें कीं उलटतपासणी सुरू होई. हिरवट म्हणजे कोणतें? मेथीचें कीं दोडक्याच्या सालीचें? कापलेलें कीं चुरगळलेलें? मातकट म्हणजे पहिल्या पावसाचें कीं बटाट्याच्या पोत्याचें? आम्हांला उठून परसांत जावें लागे, बॅटरीच्या उजेडांत दोडका सोलावा लागे, आणि परत येऊन साक्ष द्यावी लागे. स्वतःला वास येत असतांना त्यांनीं आम्हांला कधीं इतकें खोदून विचारलें नव्हतें. त्या दोन वर्षांत वहीचीं ऐंशीं-नव्वद पानें भरलीं, आणि आमच्यापैकीं प्रत्येकाचें नाक पूर्वींपेक्षां पुष्कळ सुधारलें. हा सुधार ज्याच्यामुळें झाला त्याच्या वांट्याला तो नव्हता, ही गोष्ट आम्हांला पेला उचलतांना दर वेळीं बोंचे.

त्यांचा वास परतला तो सरळ वाटेनें नाहीं. प्रथम कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराची घाण येऊं लागली. कॉफी सोडावी लागली. हें सुधारण्याचें लक्षण असूं शकतें, असें डॉक्टर म्हणाले. पण पांच महिने त्यांनीं आमच्या घरीं दहीभाताशिवाय कांहीं खाल्लें नाहीं. मग एके सकाळीं तुळस लागली. कांहीं आठवड्यांनीं टोमॅटोचें पान. पहिल्या पावसाची माती अजून लागत नाहीं. कपाटाविषयीं आम्हीं विचारलेलें नाहीं.

गेल्या डिसेंबरांत शेनिन ब्लाँची बाटली उघडली होती. चिटणिसांनीं डोळे मिटून बराच वेळ पेला नाकाशीं धरला, आणि कोणाचीहि साक्ष न घेतां वहींत स्वतःच्या नांवानें लिहिलें: "पेरू, पिकलेला, पण चिरून तासभर ताटलींत ठेवलेला." पेरू आम्हां सर्वांना मान्य होता. चिरून तासभर ठेवल्याची खूण मात्र एकालाहि सांपडेना. अधिकारीसाहेबांनीं पुराव्याची मागणी केली. आत्याबाईंनीं झाडावरचा एक पेरू उतरवून आणला, चिरला, आणि घड्याळ लावून आम्ही सातहि जण त्या ताटलीभोंवतीं बसून राहिलों. स्वयंपाकघरांत घेवड्याची भाजी निवून गेली.