सुरळी

सराफी पेढीच्या काचेआड ती कधी दिसत नाही. तिची जागा मागच्या खोलीत, जिथे दिवे टेबलापर्यंत खाली ओढलेले असतात आणि कारागीर माना खाली घालून बसलेले असतात. उंचीला जेमतेम इंचभर, जाडीला करंगळीएवढी, रंगाने काळी-राखाडी. कण्याच्या जागी पोलादी काडी, काडीला उभी चीर, चिरेत खोवलेली पॉलिश पेपरची पट्टी, आणि ती पट्टी सुरळीच्या वडीसारखी स्वतःभोवती गुंडाळलेली. एवढाच तिचा देह. अंगठी बोटात सरकताना कुठे टोचत नाही, पाटलीची आतली कड मनगटाला लागत नाही, हे सगळं हिचं देणं आहे.

तिचा जन्म डोळ्यांदेखत होतो. पॉलिश पेपरच्या तावातून दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढायची. शहाणा कारागीर त्यासाठी कात्री वापरत नाही, कारण दोन तावांत कात्रीची धार बसते. तो ताव पालथा घालतो, पाठीवर सुरीने रेघ मारतो आणि रेघेवरून फाडतो. काडीचं मागचं टोक पाऊण सूत जाडीचं, म्हणजे 2.35 मिलिमीटरचं. ते हँगिंग मोटरच्या, हातात धरायच्या हँडपीसमध्ये घट्ट बसवायचं. पट्टीची एक कड चिरेत घालायची, खरखरीत बाजू बाहेर येईल अशी. दुसरं टोक चिमटीत धरायचं आणि पायाखालचं पेडल अगदी अलगद दाबायचं. काडी वळते, पट्टी आपली आपण ओढून घेते, वेढ्यावर वेढा चढतो. बुडाशी चिकटपट्टीचा एक फेर दिला की झाली सुरळी तयार.

मोटरकडून अशी गुंडाळून घेतली की दिशा चुकत नाही. हाताने गुंडाळणारा नवखा मात्र हमखास चुकतो. सुरळीचं मोकळं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे, शेपटीसारखं यायला हवं. मग दागिन्याला टेकल्यावर जे घर्षण होतं, ते तिला अधिकच आवळतं. टोक पुढे आलं, की तेच घर्षण तिला उलगडतं. फडफड आवाज होतो, कागद बोटांवर आपटतो, पट्टी चिरेतून सुटून टेबलाखाली जाते. कोल्हापूरच्या गुजरीतला एखादा म्हातारा कारागीर तो आवाज ऐकूनच, मान वर न करता म्हणतो, "उलटी लावलीयास की रं. काढ, परत लाव." आणि पोरगा "व्हय मामा" म्हणून पट्टी फिरवतो. ज्या कामात ती झिजते त्याच कामाने ती घट्ट होते, हा तिच्या स्वभावातला मला सर्वांत आवडणारा भाग.

दुसरा भाग तिच्या झिजण्याचा. कानस बोथट झाली की गेली. सुरळीचा बाहेरचा वेढा गुळगुळीत झाला, की तेवढा फाडून टाकायचा. खालून ताजा, धारदार वेढा वर येतो. थोडी बारीक झालेली ती पुन्हा कामाला लागते. बारीक होत जाणं ही तिची उणीव नाही, उलट सोयच आहे. सकाळी पुरुषी अंगठीच्या आतून फिरलेली सुरळी दुपारी लहान मुलीच्या अंगठीत मावते आणि संध्याकाळी नथीच्या फाशापाशी पोचते. तिरकी गुंडाळली तर तिला टोकही येतं, आणि मग कोंदणाखालच्या जाळीत, जिथे बोटाचं नखही शिरत नाही, तिथे ती शिरते.

तिचं काम नीट पाहायचं तर अंगठीच्या आत पाहावं. डाग देऊन सांधलेली अंगठी आतून ओबडधोबड असते. सांध्यावर डागाचा उंचवटा, बाजूला कानशीचे खोल चरे. सुरळी आत जाते आणि पहिल्या फटक्याला चित्र आणखी बिघडल्यासारखं वाटतं: चकाकी जाते, सगळीकडे एकसारखा धुरकट करडेपणा येतो. नवख्याला इथे धास्ती वाटते. जाणत्याला इथेच धीर येतो, कारण करडेपणा एकसारखा झाला याचा अर्थ उंचवटा गेला, सगळा पृष्ठभाग एका पातळीवर आला.

सुरळी चकाकी देत नाही. ती फक्त चरे पाडते, आधीच्या चऱ्यांपेक्षा लहान चरे. तावाच्या पाठीवर छापलेला नंबर त्या चऱ्यांचं माप सांगतो. युरोपीय 'पी' मोजणीत 220 नंबरचा कण 68 मायक्रॉनच्या आसपास, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीचा. 400 चा कण 35 मायक्रॉनचा, 1200 चा जेमतेम 15 चा. नंबर वाढतो तसा कण लहान होतो, चरा उथळ होतो. प्रत्येक नव्या नंबराला दिशा बदलायची: 220 आडवा फिरवला असेल तर 400 उभा. मग जुने चरे नव्या चऱ्यांच्या जाळीतून स्पष्ट दिसतात, आणि शेवटचा जुना चरा दिसेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. एक नंबर गाळून पुढे उडी मारली, तर 1200 नंतर अंगठी छान दिसते, पण बफच्या चाकावर चढवून चकाकी आणणारं रूज लावल्याबरोबर तळातून तो 220 चा चरा लख्ख वर येतो. चकाकी जितकी जास्त, तितका तो ठळक. मग मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करण्याखेरीज मार्ग नाही. ग्राहक चकाकीचं कौतुक करतो आणि ते श्रेय लाल रूजच्या पदरात पडतं. माझ्या मते त्यातला फार मोठा वाटा सुरळीचा आहे. रूज येतं तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

घराणं तसं जुनं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या आयझॅक फिशर यांनी 1834 साली काचकागदाचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यावर काचेची भुकटी असे. सुरळीच्या अंगावरचे काळे चमकते स्फटिक त्यानंतरचे. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अचेसन कृत्रिम हिरा घडवण्याच्या खटपटीत होते. लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोकची भुकटी घालून त्यांनी विजेचा प्रवाह सोडला. हिरा मिळाला नाही, पण कार्बनच्या कांडीला हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे बारीक स्फटिक चिकटलेले दिसले. ते सिलिकॉन कार्बाइड. त्याचे पहिले गिऱ्हाईक रत्नांना पैलू पाडणारे कारागीर होते, म्हणजे दागिन्यांच्या धंद्याशी त्याची सोयरीक जन्मापासूनची. पुढे 1921 मध्ये फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेतून पाण्यातही न विरघळणारा कागद 3एम कंपनीने बाजारात आणला. आपल्याकडे त्याला वॉटर पेपर म्हणतात. धूळ उडू नये म्हणून तो ओला करून घासायचा, हा त्यामागचा हेतू.

सिलिकॉन कार्बाइडच्या या स्फटिकाचा एक भाऊ आकाशातून आला. ॲरिझोनातल्या उल्कापाताच्या खडकात आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना 1893 मध्ये तो सापडला आणि 1904 मध्ये त्यांनी तो ओळखला. त्यांच्या नावावरून आलेला मॉइसनाइट आज प्रयोगशाळेत वाढवतात, आणि हिऱ्याऐवजी परवडणारा खडा म्हणून पुण्या-मुंबईतल्या दुकानांतही तो विकला जातो. त्या खड्याची अंगठी घडवताना आतून फिरते ती सुरळी आणि वर बसतो तो खडा, दोघांचं रसायन एकच. एक सोन्यावर मिरवायला येतो, दुसरी सोनं घासून निघून जाते. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

ती ज्या मोटरवर फिरते तिचं माहेर दंतवैद्याकडे. पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र 1871 चं, जेम्स मॉरिसन यांचं. आजही काडीचं 2.35 मिलिमीटरचं माप दाताच्या सरळ हँडपीसचंच आहे. लवचीक शाफ्ट, पायाचं पेडल, दोन्ही हात मोकळे, ही सारी रचना सोनाराला आयती मिळाली. हातात धरायची डब्यासारखी छोटी रोटरी यंत्रं घरी दागिने करणाऱ्यांकडे असतात. ती मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेऊ शकतात. सुरळीला एवढा वेग मानवत नाही. एक सेंटिमीटर व्यासाची सुरळी पाच हजार फेऱ्यांना फिरली, तरी तिची कड मिनिटाला दीडशे मीटरहून जास्त धावते. चांदीसारख्या मऊ धातूला तेवढं पुष्कळ झालं. त्याहून वेग वाढवला की धातू तापतो, कागदाच्या कणांत गच्च बसतो आणि सुरळी कापायचं सोडून नुसती पुसू लागते.

तिच्या भावकीत बरेच आहेत. रबरी ड्रमवर चढवायचं कागदी कडं, पितळी बुंध्यावर अडकवायची छोटी गोल चकती, प्लॅस्टिकच्या दातेरी केसांची रंगीत चक्रं. ड्रम पाटलीच्या आत झपाट्याने चालतो, चक्रं नक्षीत उतरतात. चकती सपाट जागी काम देते, पण तिची कड क्षणात खाच पाडून जाते. सुरळीचंही एक बिनसलेलं नातं आहे ते सपाट पृष्ठभागाशी. पदकाच्या सपाट पाठीवर तिला फिरवलं तर ती लाटा पाडते, कोपरे गोल करून टाकते. तिथे लाकडी पट्टीला कागद चिकटवून हातानेच घासावं. यंत्र हाताशी आहे म्हणून सगळीकडे लावणाऱ्यांच्या दागिन्यांना एक मेणचटपणा येतो, कड कुठेच करकरीत राहत नाही. हल्ली तो फार दिसतो आणि मला तो खुपतो.

तिला काही उंबरे ओलांडू द्यायचे नसतात. मोती तर तिच्यापुढे टिकतच नाही. पाचू, माणिक, नीलम कठीण खरे, पण सिलिकॉन कार्बाइड त्यांच्याही कडा मारतं. फक्त हिऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. म्हणून खडे बसवण्याआधीच तिचं काम उरकायचं. मोकळी साखळी तिच्याजवळ आणायचीच नाही. फिरत्या काडीने एक कडी पकडली की सगळी साखळी बोटांसकट गुंडाळली जाते. त्याच कारणाने हातमोजे नकोत, सैल बाही नको, केस बांधलेले हवेत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क तर हवाच. नंतर लहान-मोठी करायला किंवा उजळायला आलेल्या अंगठीच्या बाबतीत आणखी एक जपणूक लागते. आतल्या बाजूला लेझरने कोरलेला हॉलमार्क असतो, त्यात सहा अक्षरांकांचा एचयूआयडी. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. सुरळीला हॉलमार्कमधला 916 काय आणि चरा काय, सारखेच. तिथे कारागिराने अंगठा ठेवून तेवढी जागा राखायची.

चांदीत मात्र एक काम तिच्याइतकं प्रामाणिकपणे कोणी करत नाही. 925 चांदीत साडेसात टक्के तांबं असतं. डाग देताना चांदी तापते, ऑक्सिजन आत शिरतो आणि पृष्ठभागाखाली तांब्याचा ऑक्साइड धरतो. आम्लात बुडवून चांदी पांढरीशुभ्र निघते, तेव्हा तो दिसत नाही. बफ लावला की जांभळट ढगासारखा डाग उमटतो, आणि रूजने तो उलट जास्तच उठून दिसतो. वरून मुलामा देऊन तो झाकणारे आहेत. सुरळी त्याच्या तळापर्यंत जाते आणि तो थर काढून टाकते. जांभळी सावली आक्रसत आक्रसत आधी बेट होते, मग ठिपका होते, मग नाहीशी होते. ते पाहत बसण्यासारखं समाधान या कामात दुसरं नाही.

जे ती घासते ते तिच्याच अंगावर राहतं. फाडून टाकलेला वेढा उजेडात धरला, तर काळ्या कणांच्या मधून पिवळी झाक दिसते. म्हणून कारखान्यात वापरलेला कागद केरात जात नाही. त्याचा वेगळा डबा असतो: सोन्याचा निराळा, चांदीचा निराळा. कारागिराला सोनं तोलून मिळतं आणि दागिना तोलून घेतला जातो. मधली तूट म्हणजे घट, आणि तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो. त्या तुटीतलं बरंचसं सोनं या डब्यात असतं. उरलेलं फरशीच्या फटीत, टेबलाच्या खणात, हात धुतलेल्या पाण्याच्या गाळात. झारेकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोनारांच्या दुकानांचा हाच केर विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोनं काढलं आहे.

डबा भरला की कागद जाळतात. कागद जातो, डिंक जातो, सिलिकॉन कार्बाइड साध्या आगीला दाद देत नाही, ते राखेत तसंच उरतं. मग राख पाण्यात घोळवायची. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, सिलिकॉन कार्बाइड तीन पटीच्या थोडं वर. हलक्या हाताने पाणी ओतत गेलं की काळे कण वाहून जातात आणि सोन्याची पूड परातीच्या काठाशी मागे राहते. ती टाकणखाराबरोबर मुशीत घालून वितळवतात. मूस गार झाल्यावर तळाशी जो मणी मिळतो, त्याचं वजन करून वहीत घटीच्या रकान्यात जमेला धरतात.