आधी पुसा, मग बघा

सत्तर-ऐंशीच्या दशकात तासगावात ज्यांच्या दारात फियाट होती, त्या घरातली माणसं आज एकत्र बसली की गाडीच्या वेगाबद्दल बोलत नाहीत. बोलतात ओव्हरफ्लोबद्दल, म्हणजे कार्बोरेटरमधून ओसंडून गळणाऱ्या पेट्रोलबद्दल. कुणाची कुठं गळायची, कुणी कशी पकडली, याच्या आठवणी निघतात आणि रात्र सरते.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनत होती. पुढं तीच पद्मिनी झाली. इंजिन तेच, 1089 सीसीचं, त्यावर सोलेक्सचा कार्बोरेटर. आम्ही दोन्हींना फियाटच म्हणायचो. आमच्या आण्णांनी जुनीच घेतली, कारण नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि द्राक्षाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही.

गळती सगळ्यात आधी कळायची ती थोरल्या काकूंना. गाडी उभी राहायची सोप्याला लागून, आणि आत स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टोव्ह. रॉकेलचा वास त्यांच्या अंगवळणी पडलेला. त्यातून पेट्रोलचा, नाकात वर चढणारा वास त्या बरोबर वेगळा काढायच्या. आधी स्टोव्ह बंद करायच्या, मग हाक मारायच्या, "आवं, गाडी वास मारतीया!" मग आमच्या धाकट्या चुलत्यांची, बापूंची, बिडी विझायची आणि आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. आमच्या घराला कधी आग लागली नाही, याचं श्रेय आम्ही पुरुषांना देत आलो. निम्म्याहून जास्त श्रेय काकूंच्या नाकाचं आहे, आणि हे त्यांच्या हयातीत कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बापू किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर. 1910 साली माळावर वसलेल्या त्या वाडीनं आमच्या भागातल्या किती घरांना हातात पाना धरायला शिकवलं, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. बापूंची शिस्त तिथलीच. बॉनेट उघडल्या उघडल्या पेचकस लावायचा नाही. आधी इंजिन थंड होऊ द्यायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं कार्बोरेटर, पंप आणि नळी कोरडी ठणठणीत पुसायची. "आधी पुसा, मग बघा," हे वाक्य आमच्या घरात गणिताच्या अभ्यासापासून भांडणापर्यंत सगळीकडं वापरलं गेलं. ओल्या जागी ओल शोधता येत नाही, इतकं साधं ते होतं. पुसून झालं की आईच्या डब्यातली पावडर फडक्यानं सांध्यांवर हलकी भुरभुरायची आणि गाडी चालू करायची. पांढऱ्या पावडरीवर पहिली रेघ जिथं उमटेल, तिथून गळती सुरू. खाली दिसणारा थेंब फसवतो, कारण पेट्रोल वरून ओघळत खालच्या कडेला येऊन टपकतं. त्या काळचं पेट्रोल रंगवलेलं, नारिंगी असायचं. जुनी गळती असेल तर सांध्यावर तांबूस डाग वाळून राहायचा आणि बापू तो नखानं खरवडून बघायचे.

दुसरा प्रश्न ठरलेला: गाडी चालू असताना गळतंय की बंद केल्यावर? टाकी मागं डिकीत, पंप इंजिनावर. चालू असतानाच गळत असेल तर पंपाच्या दाबाखालची वाट बघायची, म्हणजे नळीची चीर, नळीच्या टोकाचा फायबर वॉशर, झाकणाखालचं गॅस्केट. हे सगळं कोरडं असून पेट्रोल कार्बोरेटरच्या गळ्यात उतरत असेल, तर दोष कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटचा, नाहीतर पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या नीडलचा. बंद केल्यावर थोडा वेळ वास येऊन थांबत असेल, तर तापलेल्या इंजिनावर वाटीतलं पेट्रोल उकळलंय. तेव्हा चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. आणि कुठंच ओल नसून डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, ऑइलची पातळी वाढलेली असेल, तर पंपाचा पडदा आतून फाटलाय. मग गाडी हलवायचीच नाही.

एका उन्हाळ्यात, बेदाणा शेडवर चढलेला असताना, ओव्हरफ्लो काही केल्या थांबेना. एका गॅरेजात नवी नीडल बसवून आणली, तरी तेच. बापूंनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं. झाकण उलटं धरून नीडल बोटानं दाबली आणि पेट्रोल आत येतं ते तोंड जिभेला लावून हवा ओढली. जीभ चिकटून राहिली, म्हणजे नीडल बसतेय. फ्लोट कानाशी हलवला, आत खळखळ नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही. दोन्ही निर्दोष. आण्णा वैतागून उठले. बापू मात्र नीडलच्या बुडचा वॉशर चिमटीत धरून उजेडात बघत राहिले. नव्या नीडलसोबत आलेला वॉशर जुन्यापेक्षा पातळ होता. सोलेक्समध्ये त्या वॉशरच्या जाडीवर वाटीतल्या पेट्रोलची पातळी ठरते. वॉशर पातळ म्हणजे नीडल वर सरकली, फ्लोटला जास्त चढावं लागलं आणि तेवढं पेट्रोल जास्त भरलं. जुना वॉशर डबीत जपून ठेवलेला होता. तो घातला आणि त्याच संध्याकाळी कवठेएकंदवरून सांगलीला जाऊन आलो.

जुना भाग टाकायचा नाही, ही त्या पिढीची सवय आम्हाला तेव्हा कंजुषी वाटायची. मला आता ती बुद्धी वाटते. त्यांच्या डब्यात दोष शोधायचं माप शिल्लक राहायचं.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि कार्बोरेटर नव्या मोटारींतून गेला. बापूंच्या मुलानं पुण्यात पद्मिनी जपलीय. ऋषिपंचमीला तासगावच्या रथोत्सवासाठी तो ती घेऊन येतो. गणपतीच्या रथाचा दोर ओढून झाला की सगळे बॉनेटभोवती. गेल्या खेपेला पुन्हा पेट्रोलचा वास होता. नळी मऊ पडून फुगली होती. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. आमच्याच भागातल्या उसापासून इथेनॉल बनतं, म्हणून कुणी त्याच्यावर रागावलं नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकेल असा बदलायचा, एवढं ठरलं. बापूंनी फुगलेली नळी मागून घेतली, कात्रीनं उभी चिरली आणि आतून कुठवर सडलीय ते नातवाला दाखवायला बसले.