सवतीपाशी जन्मलेली कादंबरी

अब्दुल्ला कादिरीची ‘ओत्कान कुनलार’, म्हणजे ‘सरलेले दिवस’, ही पहिली उझबेक कादंबरी मानली जाते. ती 1920च्या दशकातली. प्रस्तावनेतच कादिरी सांगतो, की आपण नव्या युगात पाऊल ठेवलं आहे, तर लोकांना या युगाचे ताहिर-झुहरा आणि फरहाद-शिरीनही भेटायला हवेत. नवा साहित्यप्रकार आणू पाहणारा लेखक पहिल्याच पानांवर जुन्या प्रेमकथांची नावं घेतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कादंबरीचा पूर्वार्ध बख्शींच्या, म्हणजे दोंब्रा छेडत दास्तान गाणाऱ्या लोकगायकांच्या, वळणाचा आहे. त्यांच्या ‘अल्पामिश’मधला नायक सात वर्षांच्या कैदेतून सुटून वेश पालटून परततो, तेव्हा त्याच्या बायकोचं दुसरं लग्न लागायच्या बेतात असतं. इथे ताश्कंदचा ओताबेक मर्गिलानच्या कुमुशशी लग्न करतो. हामिद नावाचा खलपुरुष ओताबेकच्या नावाने खोटं तलाकपत्र धाडतो आणि सासऱ्याचं दार बंद होतं. ओताबेक तरीही पुन्हा पुन्हा मर्गिलानला येतो, उस्ता आलिम या विणकराच्या आसऱ्याला राहतो. मग हा विणकर आपल्या गेलेल्या बायकोची, सादतची, कहाणी सांगू लागतो. मुख्य गोष्ट ऐन रंगात थांबते, पण कादिरीला घाई नाही. अखेर हामिद मारला जातो, खरं-खोटं उघड होतं, जोडपं पुन्हा एकत्र येतं. बख्शीने दोंब्रा इथेच खाली ठेवला असता.

कादिरी ठेवत नाही. पुढे अलिशेर नवाईची सावली पडते. पंधराव्या शतकातल्या या महाकवीच्या फरहाद-शिरीनच्या नशिबी या जगात मीलन नाही. कुमुश बाळंत होते आणि सवत झैनब तिच्या पेजेत विष कालवते.

पण झैनब ही गोष्टीतली कैदाशीण नव्हे. वडीलधाऱ्यांनी ठरवलं म्हणून ती या घरात आली. नवऱ्याचा जीव दुसरीकडे गुंतलेला, हे तिला रोज दिसत होतं. पुढे ती भ्रमिष्ट होते. लोककथेने तिला शिक्षा देऊन निकालात काढलं असतं; प्रेमकाव्यात अशा बाईला जागाच नसते. कादिरी मात्र तिचं कुढणं आपल्याला पाहायला लावतो. माझ्या मते उझबेक कादंबरी जन्मली ती झैनबपाशी.

4 ऑक्टोबर 1938 रोजी, स्टालिनच्या राजवटीत, कादिरीला ताश्कंदमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ‘ओत्कान कुनलार’ आज इंग्रजीत मिळते. जरूर वाचा, आणि उस्ता आलिमची कहाणी आली की पानं उलटून पुढे जाऊ नका.