खवल्याची साक्ष

माशाच्या अंगावरचा खवला हा त्वचेच्या आतल्या थरात तयार होणारा, हाडासारख्या द्रव्याचा पातळ पापुद्रा असतो, आणि रोहू, कटला, मृगळ, महासीर यांसारख्या कार्प कुळातील माशांमध्ये तो गोलसर व गुळगुळीत कडेचा असल्यामुळे त्याला चक्राभ खवला म्हणतात. खवल्यांची संख्या माशाच्या बालपणीच ठरून गेलेली असते. पुढे मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेने वाढत जातो आणि त्या वाढीबरोबर त्यावर एकीबाहेर एक अशा बारीक वर्तुळाकार रेघा उमटतात. भरपूर खाणे मिळते त्या दिवसांत या रेघा एकमेकींपासून लांब पडतात, वाढ मंदावली की त्या दाटतात, आणि दाट रेघांचा पट्टा संपून पुन्हा विरळ रेघा सुरू होतात त्या सीमेला वलय म्हणतात. ज्यांचे वय आधीपासून ठाऊक होते अशा, तळ्यात पाळलेल्या कार्प माशांचे खवले तपासून १८९८ मध्ये होफबाउअर या जर्मन अभ्यासकाने ही वलये वर्षागणिक पडतात हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून, खोडावरून झाडाचे वय काढावे तसे, खवल्यावरून माशाचे वय काढण्याची रीत जगभर रुळली.

छत्रपती संभाजीनगरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा खवला प्रथम येतो तो प्रात्यक्षिकाच्या तासाला, काचपट्टीवर बसवलेला, आणि त्याची पेन्सिलीने आकृती काढून, भागांना नावे देऊन, वहीवर सही घेतली की बहुतेकांचा त्याच्याशी असलेला संबंध संपतो. ज्या थोड्यांचा तो टिकतो त्यांना शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला, पैठणला जावे लागते. तेथे गोदावरीवर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालेले जायकवाडी धरण आहे, आणि त्याच्यामागे पसरलेल्या नाथसागरावर थर्माकोलच्या चप्पूंवरून जाळी टाकणाऱ्या भोई कुटुंबांची रोजीरोटी चालते. अभ्यासकाने तेथे शिकायची पहिली गोष्ट अगदी साधी आहे: खवला काढायचा तो पाठीवरच्या पराच्या खाली आणि कुशीवरून जाणाऱ्या संवेदनरेषेच्या वर, कारण त्या भागातले खवले लवकर उगवतात आणि सहसा घासले जात नाहीत. चिमट्याने पाच-सहा खवले उचलून कागदी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर तारीख, ठिकाण, माशाची लांबी, वजन आणि नर-मादी ही नोंद तेथेच, काठावर उभे राहून करायची. गळून पुन्हा उगवलेल्या खवल्याच्या मध्यभागी रेघाच नसतात, कोरा धुरकट डाग असतो, कारण नवा खवला जुन्या दिवसांची नोंद करू शकत नाही. म्हणून एक खवला कधीही पुरत नाही.

नाथसागरातला मासा कोठून येतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. रोहू आणि मृगळ हे मुळात उत्तर भारतातल्या नद्यांचे मासे आहेत. दख्खनच्या पाण्यात ते बीजाच्या रूपाने आणले गेले. हे मासे पावसाळ्यात पूर आलेल्या, वाहत्या पाण्यात अंडी घालतात, आणि साचलेल्या पाण्यात त्यांच्या शरीरात अंडी तयार झाली तरी ती सहसा बाहेर सोडली जात नाहीत, त्यामुळे एके काळी नदीतूनच गोळा केलेल्या बीजावर सगळी मत्स्यशेती अवलंबून होती. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, आणि ही मर्यादा ओलांडली गेली; १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. आज बहुतेक मत्स्यबीज केंद्रांत ग्रंथीच्या अर्काऐवजी ओव्हाप्रिमसारखे तयार औषध वापरतात, आणि ज्या संप्रेरकामुळे सॅमन माशाच्या शरीरात प्रजननाची साखळी सुरू होते त्याचीच कृत्रिम प्रतिकृती या औषधाचा मुख्य घटक आहे. ज्या पाण्याने सॅमन कधी पाहिला नाही, त्या पाण्याकाठी दर पावसाळ्यात रोहूच्या मादीला त्याच्या संप्रेरकाची सुई टोचली जाते, ही गोष्ट अभ्यासकाला दरवेळी नव्याने थक्क करते.

त्या कामाची रात्र जवळून पाहण्यासारखी असते. संध्याकाळी प्रजनक मासे, म्हणजे अंडी आणि मिल्ट (नराचे शुक्रद्रव्य) यांसाठी राखलेले मोठे नर आणि माद्या, जाळ्याने वर घेतात. नर ओळखायचा तो छातीजवळच्या पराच्या खरखरीत स्पर्शावरून, आणि तयार मादी ओळखायची ती मऊ, फुगलेल्या पोटावरून. ओल्या फडक्यात धरलेल्या माशाला खवल्याच्या खाली सुई सरकवून टोचतात आणि गोल सिमेंटच्या टाकीत सोडतात. या टाकीला चायनीज हॅचरी म्हणतात, आणि तळाशी तिरप्या बसवलेल्या नळ्यांमुळे तिच्यातले पाणी सतत गोल फिरत राहते, ज्यामुळे माशाला नदीच्या प्रवाहाचा भास होतो आणि नंतर अंडी तळाशी न बसता तरंगती राहतात. मध्यरात्रीनंतर पाणी खळबळते, आणि पहाटे विजेरीच्या उजेडात फुगून पारदर्शक झालेली अंडी हजारोंनी फिरताना दिसतात. पांढरी, अपारदर्शक दिसतात ती फळलेली नसतात. साधारण १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर येतात, पोटाखालच्या पिशवीतले अन्न तीन दिवस पुरते, आणि मग त्यांना मत्स्यजिरे म्हणून बारीक छिद्रांच्या पेल्याने मापून पुढच्या तळ्यात सोडतात. तेथे वाढून ती मत्स्यबीज होतात, पुढे अर्धबोटुकली आणि बोटाएवढी झाली की बोटुकली, आणि जलाशयात सोडायची ती बोटुकली, कारण त्याहून लहान पिल्लू शिवडा किंवा मरळ यांसारख्या शिकारी माशांच्या तोंडी सहज जाते.

येथपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला आकडा असतो: किती माद्यांना सुई दिली, किती लाख जिरे मिळाले, किती बोटुकली कोणत्या तारखेला सोडली. त्यानंतर मात्र पाणी पिल्लांवर मिटते आणि नोंदवही थांबते. सोडलेले बीज हे साधन आहे, जगलेला मासा हे साध्य आहे, आणि साधनाचे आकडे वर्षानुवर्षे लिहिले गेले की तेच साध्याचे आकडे वाटू लागतात. मत्स्यजीवशास्त्रातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी भूल आहे. जाळ्यात सापडलेल्या चार किलोच्या कटल्याच्या अंगावर पुढची नोंद असते, आणि ती वाचणारा माणूस काठावर असला पाहिजे.

वाचणे मात्र सोपे नाही. जर्मनीतल्या तळ्यावर हिवाळ्यात बर्फ धरतो, मासा खाणे जवळजवळ सोडतो आणि वलय स्पष्ट पडते. मराठवाड्यात तसा हिवाळा नाही. भारतीय कार्पच्या खवल्यांवर व्ही. जी. झिंगरन यांनी १९५० च्या दशकात गंगेतल्या मृगळाच्या संदर्भात केलेले काम आजही आधाराला घेतले जाते, आणि अशा अभ्यासांतून दिसते ते असे की उष्ण प्रदेशातल्या माशाच्या खवल्यावर उपासमार आणि प्रजनन या दोन्ही ताणांची खूण पडू शकते. जलाशयात याला आणखी एक गोष्ट जोडली जाते, ती पाण्याच्या पातळीची. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे शंभरावर अब्ज घनफूट, आणि त्यातला सुमारे २६ टीएमसी मृत साठा. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठणमध्ये पूर आला, तर २०१२-१३ च्या दुष्काळात जलाशय मृत साठ्याखाली गेला. पाणी आटले की काठालगतची चराऊ उथळ जागा जाते, मासे दाटीने राहतात, खाणे कमी पडते, आणि अशा वर्षी खवल्यावर वलयासारखी दिसणारी पण वयाशी संबंध नसलेली जादा खूण उमटण्याची शक्यता असते. तिला आभासी वलय म्हणतात, आणि ती खऱ्या वलयापासून वेगळी काढायला एकाच जलाशयाचे, महिन्यामागून महिने घेतलेले खवले हाताशी असावे लागतात. इंग्लंडमधल्या रोझा ली यांनी १९१२ मध्ये आणखी एक अडचण दाखवून दिली होती: मोठ्या वयाच्या माशांच्या आतल्या वलयांवरून त्यांची बालपणीची लांबी काढली तर ती तरुण माशांच्या त्याच वयातल्या लांबीपेक्षा कमी भरते, आणि याचे एक कारण असे की भराभर वाढणारे मासे जाळ्याच्या आसात, म्हणजे छिद्रात, आधी अडकतात व म्हातारे होईपर्यंत उरतात ते सावकाश वाढलेले. ज्या जलाशयात ठरावीक आसाची जाळी दिवसरात्र लागतात तेथे हे विसरून चालत नाही.

खवला काय सांगू शकतो याची सर्वांत पुढची उदाहरणे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडतात. सॅमन आणि स्टीलहेड हे गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढणारे आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारे मासे. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. ग्रँड कूली धरणाने १९३० च्या दशकात कोलंबिया नदीचा वरचा पट्टा त्यांना बंद केला, आणि नुकसानीची भरपाई म्हणून हॅचऱ्यांचे जाळे उभे राहिले. तेथल्या जीवशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग परतलेल्या माशांतला हॅचरीचा कोणता आणि नदीचा कोणता हे ओळखण्यात जातो. खुराकावर वाढलेल्या पिल्लाच्या खवल्यावर गोड्या पाण्यातल्या रेघा रुंद असतात, नदीतल्या पिल्लाच्या दाट असतात. शिवाय शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून हॅचरीच्या पिल्लांवर खूण करतात आणि काहींच्या नाकाडात सांकेतिक आकड्यांची, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची तार बसवतात. या चिकाटीतून जे हाती आले ते सुखाचे नव्हते. ओरेगॉनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की बंदिस्त पाण्यात वाढलेल्या प्रत्येक पिढीगणिक माशांची नदीत जगणारी संतती निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. माणसाच्या टाकीत जगायला योग्य ठरलेला मासा नदीत जगायला कमी योग्य ठरतो, आणि हे एखाद-दुसऱ्या पिढीतच घडू शकते.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचे वर्णन केले तो दख्खनचा महासीर लोणावळ्याजवळच्या वळवण येथे, टाटांच्या जलविद्युत तलावाच्या काठी, १९७० च्या दशकापासून हाताने अंडी काढून वाढवला जात आहे. मत्स्यविभागाचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची पायाभरणी केली, पुढे एस. एन. ओगले यांनी ते काम दीर्घकाळ सांभाळले, आणि पावसाळ्यात काठाशी येणारी मादी हलक्या हाताने पिळून तिची पिवळी, जड अंडी तबकात घेण्याचे जे कौशल्य तेथे घडले ते भारतीय मत्स्यशास्त्राचे भूषण आहे. हा मासा जागतिक संकटग्रस्त यादीत पूर्वी धोक्यातला मानला जाई, २०१८ मध्ये त्याला कमी चिंतेच्या वर्गात घेतले गेले. मात्र लोणावळ्याची बोटुकली कावेरीतही सोडली गेली होती, आणि त्या नदीचा स्वतःचा वशिंडाचा महासीर त्यानंतरच्या काळात झपाट्याने घटला. त्याचे शास्त्रीय नाव नक्की झाले तेही २०१८ मध्येच, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. या घटीमागे पाण्याचा उपसा, वाळू, सुरुंग लावून होणारी मासेमारी अशी कारणे आहेतच, परंतु बाहेरच्या महासिराचाही त्यात वाटा असल्याचे अभ्यासक मानतात. एका नदीत हिताचे ठरलेले बीज दुसऱ्या नदीत हानीचे ठरू शकते, आणि हे कळले ते गळवाल्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे, बीज सोडल्याच्या आकड्यांमुळे नव्हे.

जो अभ्यासक तरुणपणी पैठणच्या काठावर पाकिटे भरू लागतो, त्याच्यापाशी निवृत्तीच्या वेळी कोरड्या खवल्यांनी भरलेल्या पेट्या उरतात. कोरडा खवला दशकानुदशके टिकतो, आणि आता त्यातून डीएनएही काढता येतो. परदेशात जुन्या सॅमन खवल्यांवरून हॅचरीपूर्वीच्या माशांचे वंश शोधले गेले आहेत. त्यामुळे दुष्काळापूर्वीच्या रोहूचे पाकीट आज आणखी मोलाचे आहे, कारण मोजक्याच प्रजनकांपासून वर्षानुवर्षे बीज घेतल्याने वंश संकुचित झाला का, किंवा एकाच टाकीत रोहू आणि कटला एकत्र सोडल्याने संकर शिरला का, हे त्याच्याशी ताडून पाहता येते. अशा पेट्या माणूस बदलला की कपाटाबाहेर जातात, ही खंत या क्षेत्रात काम केलेल्या अनेकांना आहे. त्या विद्यापीठाच्या संग्रहात, हर्बेरियममधल्या वनस्पतींच्या बरोबरीच्या मानाने राहिल्या पाहिजेत.

सॅमनची पद्धत मात्र जशीच्या तशी उचलता येणार नाही. शेपटीजवळचा तो मांसल पर नाथसागरातल्या शिंगट्याला असतो, रोहू-कटल्याला नसतो, आणि दुसरा एखादा पर कापला तर तो पुन्हा उगवू शकतो. म्हणून बोटुकलीला सोडण्यापूर्वी, हाडात आणि कानातल्या खड्यात चकाकणारी खूण सोडणाऱ्या रंगद्रव्याच्या पाण्यात काही तास ठेवणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. तो खडा काढायला माशाचे डोके लागते, आणि गिऱ्हाईक कटला घेतो तेव्हा डोके रश्श्यासाठी आधी मागून घेतो, त्यामुळे खड्यांची संख्या थोडीच राहणार. खवल्याला मात्र बाजारात कोणी किंमत देत नाही. मासा साफ करणाऱ्या बाईने सुरी चालवण्यापूर्वी पाठीजवळचे पाच-सहा खवले पाकिटात टाकावेत आणि लांबीची पट्टी माशाखाली धरावी, एवढ्यासाठी तिला माशामागे काही रुपये देण्याची तरतूद बोटुकली खरेदीच्याच खर्चात धरली, तर एका पावसाळ्यात सोडलेले बीज पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणत्या काठाला आणि किती वाढून बाजारात आले, हे पैठणातच मोजता येईल.