पगारपत्रकातील वजावट

आरोग्यसेवेचा खर्च कोणत्याही देशात अखेर नागरिकच उचलतात. व्यवस्थांमधील खरा भेद हा पैसा केव्हा आणि कोणाकडे भरला जातो, यात असतो. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात 1883 साली झालेल्या कायद्याने कामगारांना आजारविमा सक्तीचा केला आणि ‘क्रांकनकासे’, म्हणजे नफ्यासाठी न चालणारे स्वायत्त विमानिधी, आजही बहुसंख्य रहिवाशांच्या उपचारांचा खर्च भागवतात. वेतनाच्या 14.6 टक्के ही मूळ वर्गणी मालक आणि नोकरदार निम्मी-निम्मी भरतात व तीवर प्रत्येक निधीची अतिरिक्त वर्गणी चढते. मात्र ती वय किंवा आजार पाहून नव्हे, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच्या मिळकतीवर आकारली जाते.

पुण्याहून नोकरीनिमित्त स्टुटगार्टला गेलेल्या प्रस्तुत लेखकाला, प्रकृती ठणठणीत असल्यामुळे, पगारपत्रकातील ही वजावट प्रारंभी भुर्दंडच वाटत असे. पुढे पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा ती कमावती नसूनही वेगळी वर्गणी न भरता त्याच विम्यात सामावलेली आहे, हे प्रत्ययास आले. भरती होताना अनामत मागितली गेली नाही आणि नंतर घरी आलेली आकारणी दिवसाला 10 युरो एवढीच होती, तीही वर्षात फार तर 28 दिवसांपुरती. पुण्याच्या नातेवाइकांनी दूरध्वनीवर ‘कॅशलेस मिळालं ना?’ असे काळजीने विचारले, त्याचे उत्तर देताना लेखकाची पंचाईत झाली, कारण उपचाराचे मूळ बिल त्याने पाहिलेच नव्हते. तरीही ही व्यवस्था समतेचा आदर्श नव्हे: तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मागताच पलीकडून विमा सार्वजनिक की खाजगी, हे विचारले जाई आणि खाजगी विमाधारकाला बहुधा लवकरची तारीख मिळे.

लेखकाच्या लेस्टरनिवासी थोरल्या भावाला हाच विकार जडला, तेव्हा ब्रिटनची रीत जवळून दिसली. 5 जुलै 1948 पासून चालू असलेली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यतः करांवर चालते; कुटुंबाच्या डॉक्टरने चिठ्ठी दिल्यावर, तातडी नसल्यास, अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असे उद्दिष्ट आहे, पण भावाची प्रतीक्षा त्याहून लांबली. त्याला एक पेनीही द्यावी लागली नाही, हे खरे. पथ्य आणि वेदनाशामकांवर काढलेले महिने मात्र कोणत्याच हिशेबात धरले गेले नाहीत.

भारतात 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. लेखकाच्या पुण्यातील आईच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या कक्षेबाहेर राहतात आणि दरमहा औषधाच्या दुकानात रोखीनेच घेतल्या जातात.